अमेरिकेचा पश्चिम विस्तार अभ्यासायला घेताय? आधी ‘फुकट जमीन’ नीट समजून घ्या

अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर घेतलेल्या मुलांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे पश्चिम विस्ताराचे सामाजिक आणि आर्थिक परिणाम कसे लिहायचे, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, मॅडम तुमच्या नोट्स मिळतील का. नोट्स आहेत पण मी देत नाही, का ते पुढे येईलच. लुइझियानाची खरेदी, मॅनिफेस्ट डेस्टिनी (अख्ख्या खंडावर पसरणं हे आपलं विधिलिखितच, ही समजूत), मेक्सिकोशी युद्ध, गोल्ड रश, होमस्टेड, रेल्वे हा क्रम तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नसेल तर कुठलंही एक साधं टेक्स्टबुक घ्या आणि तेवढं उरकून या, त्यात खरंच काही अवघड नाही. अवघड त्याच्यानंतर सुरू होतं आणि तिथे सांगायला सहसा कोणी भेटत नाही, म्हणून हे लिहितेय.

मी बीकॉम करून इतिहासाकडे आले, नोकरी सांभाळून एमए केलं, इंग्रजी पुस्तकं शेजारी डिक्शनरी ठेवून वाचली. आता तासिका तत्त्वावर शिकवते. समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाला पान उलटताना घाम फुटतोय ते मला लगेच कळतं कारण ते दिवस माझ्या अंगातून अजून गेलेले नाहीत. तर सुरुवातीलाच सांगते, हा टॉपिक तुम्हाला जमणार आहे. बीए इतिहासात नसेल झालं तरी जमेल, इंग्रजी कच्चं असलं तरी जमेल. पण ज्या पद्धतीने सगळे करतात त्या पद्धतीने केलात तर पेपर पास व्हाल आणि विषय कधीच कळणार नाही.

सगळ्यांची पद्धत म्हणजे दोन हेडिंग. सामाजिक परिणाम, खाली पाच मुद्दे: स्थलांतर, मूलनिवासींचं विस्थापन, गुलामगिरीचा वाद, नवीन शहरं, स्त्रियांची स्थिती. आर्थिक परिणाम, खाली पाच मुद्दे: शेतीचा विस्तार, रेल्वे, खाणी, बाजारपेठ, उद्योग. टेलिग्रामवर फिरणाऱ्या प्रत्येक पीडीएफमध्ये हेच, झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या गाईडमध्ये पण हेच. माझं या नोट्सशी वाकडं आहे कारण त्या चुकीच्या नसतात, सगळे मुद्दे बरोबर असतात, म्हणून तर त्या जास्त घातक. पोराला वाटतं झालं आपलं.

का चालत नाही ते एका उदाहरणावरून बघा. बायसन घ्या, मैदानी प्रदेशातला तो मोठा रानगवा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास असावी असा अंदाज आहे आणि १८८० चं दशक संपेपर्यंत काही शेच उरले होते. शिकार आधीपासून चालूच होती, पण १८७० च्या दशकात पूर्वेकडच्या कारखान्यांत मशीनचे पट्टे बनवायला हे जाड कातडं चालतं असं लक्षात आलं आणि शिकारी कळपच्या कळप मारून फक्त कातडी काढून न्यायला लागले, बाकी मांस तिथेच कुजत पडायचं, कातडी रेल्वेने पूर्वेला. आता हा परिणाम आर्थिक लिहिणार की सामाजिक? कारखान्याला पट्टा मिळाला, रेल्वेला माल मिळाला, शिकाऱ्याला रोजगार मिळाला, आणि लाकोटा, शायान, कोमांची, कायोवा या लोकांचं अन्न, तंबू, कपडे, हत्यारं, देवधर्म सगळं ज्या एका जनावरावर उभं होतं ते संपलं, आणि मग सरकारी रेशनसाठी राखीव प्रदेशात जाऊन बसण्याशिवाय त्यांच्याकडे काही राहिलं नाही. एकाच गोष्टीची ही दोन टोकं आहेत. तुम्ही एक टोक पहिल्या पानावर लिहिलं आणि दुसरं चौथ्या पानावर, तर मधला दोरा तुटला, आणि मार्क त्या दोऱ्याला असतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. हा सापळा मी जरा जास्तच उलगडून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण मी याच्यात अडकले होते आणि माझ्यानंतर आलेली जवळजवळ प्रत्येक बॅच इथेच अडकताना बघितलीय.

होमस्टेड अ‍ॅक्ट, २० मे १८६२, लिंकनची सही. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकर, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, किरकोळ फी भरायची, आणि जमीन तुमची. हे वाचलं की मन भरून येतं. आपण शेतीवाडीतले लोक, कूळकायदा आणि सीलिंग ऐकत मोठे झालेलो, सरकार गरिबाला जमीन देतंय म्हटल्यावर आपण लगेच त्या सरकारच्या बाजूने होतो. मग उत्तरात वाक्य येतं की पश्चिम विस्तारामुळे गरिबांना मोफत जमीन मिळाली व लोकशाही रुजली. एका सेमिनारमध्ये आमच्या एका मॅडमनी एवढंच विचारलं होतं, की ही जमीन सरकारकडे आली कुठून? अख्खा वर्ग गप्प. मीच प्रेझेंटेशन करत होते.

तर आपल्याकडे जमीन घेताना कसं, नुसता सातबारा बघून कोणी व्यवहार करत नाही, जुने फेरफार काढतो, आधी नाव कोणाचं होतं, ते कशावरून उतरलं, वारस कोण, बोजा कोणाचा. अमेरिकेतल्या त्या १६० एकरांचे फेरफार तसेच काढायचे, बास, ही एक सवय लागली तर अर्धा टॉपिक तुमच्या हातात आला.

काढून दाखवते. होमस्टेडचा अर्ज नंबर एक डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाचा, नेब्रास्कात बिअ‍ॅट्रिस गावाजवळ. कायदा १ जानेवारी १८६३ ला लागू झाला, त्याच दिवशी याचा अर्ज. त्याचे कागद अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, स्कॅन नेटवर बघायला मिळतात, नक्की बघा. पाच वर्षांनी साक्षीदारांनी दिलेल्या पुराव्यात लिहिलंय की घर १४ बाय २० फुटांचं, काही भाग ओंडक्यांचा काही फळ्यांचा, दोन दारं, दोन खिडक्या, सुमारे ३५ एकर नांगरलेली, तबेला, मेंढ्यांसाठी शंभर फुटी शेड, ४० सफरचंदाची आणि चारशेच्या आसपास पीचची झाडं. मला तो कागद फार आवडतो, त्यात एका माणसाची पाच वर्षांची मेहनत दिसते आणि ती खोटी नाही. या कष्टांना कमी लेखायचं कारण नाही, हे पण लक्षात ठेवा, काही जण नंतर दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक शेतकऱ्याला लुटारू ठरवतात.

पण त्या कागदाच्या आधीचा कागद? तो मुलूख ओटो आणि मिसूरिया लोकांचा. १८५४ च्या करारात त्यांच्या बहुतेक जमिनीवरचा हक्क गेला आणि ते बिग ब्लू नदीकाठच्या एका राखीव पट्ट्यात सरकले, मग तो पट्टाही तुकड्यातुकड्यांनी विकला गेला आणि १८८१ पर्यंत त्यांना आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तिथे जावं लागलं. ते साल नीट बघा, १८५४. म्हणजे फ्रीमनच्या अर्जाच्या जेमतेम नऊ वर्षं आधी. आणि १८५४ हेच कॅन्सस-नेब्रास्का अ‍ॅक्टचं साल. ज्या कायद्यावरून गुलामगिरीचा वाद पेटला, कॅन्ससमध्ये माणसं मारली गेली, रिपब्लिकन पार्टी उभी राहिली, तोच कायदा या जमिनी मोकळ्या करून घेण्याच्या गडबडीशी आणि रेल्वे कुठून न्यायची याच्याशी बांधलेला होता. टेक्स्टबुकात ही दोन वेगळी चॅप्टर असतात. जमीन एकच होती.

पुढचा प्रश्न, फुकट म्हणजे किती फुकट. फी थोडी, मान्य. पण बैल किंवा घोडे, नांगर, बियाणं, विहीर, कुंपण, पहिलं पीक येईपर्यंत खायला, हे धरून काही शे डॉलर लागायचे, पाचशे ते हजार असे अंदाज दिले जातात. त्या काळात साध्या मजुराला दिवसाला साधारण एक डॉलर. म्हणजे न्यूयॉर्कच्या गिरणीतला कंगाल मजूर उठला आणि शेतकरी झाला असं सर्रास घडलं नाही, गेले ते बरेचसे आधीच थोडं भांडवल असलेले, शेजारच्या राज्यातले शेतकरी किंवा युरोपातून चार पैसे घेऊन आलेले. आणि कायद्यातच एक खिडकी होती की सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरले तर पाच वर्षं थांबायची गरज नाही, त्या खिडकीतून सट्टेबाज आणि गुरांवाले मोठे मालक आपली माणसं पुढे करून आत शिरले.

अजून एक, बाकी कोणाला किती मिळालं. होमस्टेडखाली सगळ्या काळात मिळून सुमारे १६ लाख लोकांना जवळपास २७ कोटी एकर मिळाले, आकडा मोठाच आहे, संपूर्ण देशाच्या दहा टक्के. पण याच १८६२ च्या उन्हाळ्यात १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा आणि २ जुलैला मॉरिल अ‍ॅक्ट झाला. रेल्वे कंपन्यांना केंद्राकडून पुढच्या काही वर्षांत सुमारे १३ कोटी एकर गेले, रुळांच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखे एक सोडून एक तुकडे. साहजिकच मालाला रेल्वे जवळ असलेली चांगली जमीन कंपनी पैसे घेऊन विकणार आणि फुकटवाल्याला लांब जावं लागणार. मॉरिल अ‍ॅक्टने राज्यांना कॉलेज काढायला सुमारे १ कोटी १० लाख एकर दिले. आपल्याकडची कितीतरी मुलं एमएस करायला पर्ड्यूला जातात, ते याच कायद्यातून उभं राहिलेलं विद्यापीठ. शेती आणि इंजिनियरिंगचं शिक्षण सामान्य घरात गेलं ते या जमिनींच्या पैशावर, आणि त्या जमिनी शेकडो करारांनी, काही वेळा करारही न करता, मूलनिवासी लोकांकडून घेतलेल्या. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वाक्यात लिहायची हिंमत करा.

हे तीनही कायदे एकदमच का झाले तेही विचारा स्वतःला. होमस्टेडचं बिल १८६० मध्ये आलं होतं, अध्यक्ष बुकॅनननी व्हेटो केलं. दक्षिणेला नको होतं कारण छोटे स्वतंत्र शेतकरी पश्चिमेत भरले तर तिथे गुलामगिरी जाणार नाही. दक्षिणेची राज्यं फुटून निघाल्यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, अडवणारं कोणी उरलं नाही. एवढं एक कारण लिहिलंत तरी तपासणारा थांबून वाचतो.

आणि फेरफार १८६२ ला थांबत नाहीत. १८८७ चा डॉज अ‍ॅक्ट, ज्यात टोळीच्या सामायिक जमिनीचे कुटुंबागणिक तुकडे पाडले आणि उरलेली जमीन ‘जादा’ म्हणून बाहेरच्यांना उघडली. मूलनिवासींकडे १८८७ मध्ये १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ मध्ये ४ कोटी ८० लाख. हा आकडा पाठ करा, मी सहसा पाठ करायला सांगत नाही पण हा करा. गोळी न झाडता, कागदावर, मालकी हक्क देतोय असं म्हणत झालेलं हे आहे.

एवढ्यावर घाबरून जाऊ नका. हे सगळं एका उत्तरात मावत नाही आणि मावायची गरजही नाही. तुम्हाला फक्त प्रत्येक वेळी विचारायचंय: आधी कोणाचं, कोणत्या कागदाने हललं, खर्च कोणी केला, भाव वाढल्यावर फायदा कोणाकडे गेला. हे एकदा हाताला बसलं की बाकीचे टॉपिक भराभर सुटतात.

उदाहरणार्थ कापूस. पश्चिम म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर काउबॉय आणि कॅलिफोर्निया येतं, पण १८२० ला अलाबामा आणि मिसिसिपी हीच पश्चिम होती. १८३० चा इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट, चेरोकी लोकांना १८३८-३९ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात ओक्लाहोमाकडे चालवत नेलं, सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास मेले असं मानलं जातं. चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ यांच्याही जमिनी अशाच गेल्या. आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आला कापूस, कापसामागे गुलाम. व्हर्जिनिया, मेरीलँडकडून खालच्या दक्षिणेत १७९० ते १८६० मध्ये अंदाजे दहा लाख गुलाम माणसं हलवली गेली, त्यातली बरीचशी व्यापाऱ्यांमार्फत विकून, नवरा एकीकडे, बायको एकीकडे, पोरं तिसरीकडे. गृहयुद्धाच्या आधीच्या वर्षांत अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा. याला आर्थिक प्रगती म्हणून एका ओळीत लिहिणारी नोट दिसली की माझा संताप होतो, खरंच होतो.

आणि हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. गृहयुद्धात दक्षिणेची बंदरं बंद पडली, मँचेस्टरला कापूस मिळेना, भाव भडकले, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला १८६१ ते ६५ सोन्याचे दिवस आले. मुंबईत प्रेमचंद रायचंद हे बडे दलाल आणि समुद्रात भर घालायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरचा तो सगळा सट्टा याच पैशावर. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत कित्येकांचं दिवाळं निघालं, आणि गावाकडे चढ्या भावात घेतलेली कर्जं व वाढलेला सारा शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला, १८७५ ला सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या त्याच्या मागच्या कारणांत हेही एक आहे. पेपरमध्ये हे दोन ओळीत टाका, जास्त नको, प्रश्न अमेरिकेचा आहे. पण स्वतःसाठी नीट वाचा, मला हा विषय परका वाटायचा थांबला तो इथे.

कॅलिफोर्नियाबद्दल थोडक्यात. सोनं सापडलं २४ जानेवारी १८४८ ला, मेक्सिकोबरोबर तह झाला २ फेब्रुवारीला, मध्ये नऊ दिवस, सह्या करणाऱ्यांना सोन्याची खबर नव्हती. दीड कोटी डॉलर देऊन एवढा मोठा प्रदेश घेतला. तहात तिथल्या मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेचं रक्षण करू असं म्हटलं होतं, पण १८५१ च्या कायद्याने जमीन आपलीच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्या जुन्या मालकांवर टाकली, केस वर्षानुवर्षं चालल्या, जिंकले तरी वकिलांची फी देण्यात जमीन गेली. मूलनिवासींची लोकसंख्या १८४८ ला दीड लाखाच्या आसपास होती, पुढच्या बारा वर्षांत ती तीस हजारांच्या आसपास आली. रोगराई होतीच पण सरळ कत्तली पण होत्या, राज्याने पैसे देऊन केलेल्या मोहिमा होत्या, आणि १८५० च्या कायद्याने त्यांना सक्तीने राबवायची सोय होती. गोल्ड रशचं उत्तर लिहिताना सॅन फ्रान्सिस्कोची भरभराट लिहा, जरूर लिहा, पण हे गाळून नाही.

रेल्वे मात्र सावकाश करा, तिथे माल भरपूर आहे. १० मे १८६९ ला प्रॉमन्टरी समिटला दोन रेल्वे जोडल्या हे सगळे लिहितात. त्यातल्या पश्चिमेकडून येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या बाजूने सिएरा नेवाडाचा खडक फोडणारे दहा-बारा हजार चिनी मजूर होते, गोऱ्यांपेक्षा कमी पगार आणि जेवण स्वतःच्या खर्चाने, त्यांनी जून १८६७ ला संप केला, कंपनीने त्यांचा शिधा तोडला आणि संप मोडला. १८८२ ला चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी. रूळ टाकून झाल्यावर तेरा वर्षांनी. आता दुसरीकडे शिकागो बघा, १८४० ला साडेचार हजार लोकवस्ती, १८९० ला अकरा लाख. कशी वाढली? मैदानातला गहू तिथे यायचा, मोठमोठ्या एलिव्हेटर कोठारांत प्रत ठरवून एकत्र ओतला जायचा, त्या क्षणी गव्हाला शेतकऱ्याचं नाव उरायचं नाही, हातात पावती, आणि ती पावती बोर्ड ऑफ ट्रेडवर, म्हणजे शिकागोच्या धान्यबाजारात, विकली जायची, पुढे पुढे तर न पिकलेला गहूसुद्धा. टेक्सासची गुरं कॅन्ससच्या स्टेशनपर्यंत चालत आणि तिथून गाडीने शिकागोच्या कत्तलखान्यात. शेतात काय पेरायचं हे शेकडो मैल लांबच्या शहरातला भाव ठरवायला लागला. ज्यांच्या घरी कांदा किंवा कापूस आहे त्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

शेतकऱ्यांच्या कर्जाचा भाग पण याच्याच पोटात येतो. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस वीस इंचांच्या खाली, तिथे १६० एकरात कुटुंब जगत नाही हे जॉन वेस्ली पॉवेलने १८७८ च्या अहवालात सांगितलं होतं, ऐकलं नाही कोणी. १८८० चं दशक संपता संपता दुष्काळ, गव्हाचा भाव पडत चाललेला, रेल्वेचं भाडं मनमानी, जमीन गहाण. रेल्वेच्या भाड्याविरुद्ध ग्रेंज या शेतकरी संघटनेची चळवळ १८७० च्या दशकातच उठली होती, त्याच तक्रारींतून रेल्वेला आवर घालणारा १८८७ चा आंतरराज्य व्यापाराचा कायदा, आणि पुढे १८९२ ला ओमाहात शेतकऱ्यांची पॉप्युलिस्ट पार्टी, १८९६ ला ब्रायनची अध्यक्षपदाची उमेदवारी. त्यांची मागणी चांदीची नाणी खुली पाडा अशी होती म्हणजे पैसा सैल होईल. जाता जाता, नेवाडातल्या खाणींची चांदी आणि युरोपने चांदी सोडणं यामुळे जगात चांदी पडली तेव्हा आपला चांदीचा रुपयाही पडला, १८९३ ला इथल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, आणि बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध नेमका या रुपयाच्या प्रश्नावर आहे. अर्थशास्त्रवाल्यांनी हा धागा जरूर ओढून बघावा.

स्त्रियांवर बहुतेक नोट्समध्ये एक ओळ असते, वायोमिंगने १८६९ ला मतदानाचा हक्क दिला. बरोबर आहे. पण होमस्टेडचा अर्ज अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटित बाई स्वतःच्या नावाने करू शकत होती आणि अनेकींनी केला, लग्न झालेलीला मात्र सहसा नाही, हे जास्त महत्त्वाचं वाटतं मला. गृहयुद्धानंतर दक्षिणेतून कॅन्ससला गेलेले काळे शेतकरी, १८७७ ला वसलेलं निकोडेमस गाव, १८७९ चं मोठं स्थलांतर, हेही वाचा. जमीन मिळाल्याने माणूस उभा राहतो हे इथे खरं ठरलेलं दिसतं, म्हणून मी मघाशी म्हटलं की एकाच टोकाला जाऊ नका.

टर्नरचं काय करायचं? फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने १८९३ ला शिकागोत निबंध वाचला की सरहद्दीवरच्या (फ्रंटियर, म्हणजे वस्तीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड) मोकळ्या जमिनीने अमेरिकन लोकशाही घडवली, १८९० च्या जनगणनेने सरहद्द संपल्याचं सांगितलं होतं त्याचा आधार घेऊन. त्याला कोट करा पण शेवटचा शब्द म्हणून नको. त्याच्या मांडणीत मूलनिवासी, मेक्सिकन, चिनी, बायका जवळजवळ दिसत नाहीत, आणि १९८० नंतरच्या इतिहासकारांनी नेमकं यावर बोट ठेवलं. टर्नरने एक सांगितलं, नंतरच्यांनी हे विचारलं, आणि मला अमुक पुराव्यावरून असं वाटतं, असा एक परिच्छेद. एवढा जमला तर तुम्ही शंभरातल्या पाचात आहात.

मार्गदर्शक निवडण्याबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. जे सर तुम्हाला पहिल्याच दिवशी पेनड्राइव्ह भरून नोट्स देतात त्यांच्यापासून जरा लांब राहा, भले ते कितीही प्रेमळ असोत. जे तुमचं एक पान लाल करून परत देतात आणि समासात ‘कोणाच्या?’, ‘कशावरून?’ असं लिहितात त्यांना सोडू नका. सुरुवातीला फार लागतं ते. मी जिन्यात बसून रडलेय. पण मला जे काही येतं ते त्या समासातून आलंय. म्हणून मी नोट्स देत नाही, पान आणा, मी वाचून देते, कितीही वेळा. दुप्पट स्पीडने लेक्चर बघणं हा पण अभ्यास नाही, क्षमा करा. त्याऐवजी नकाशा हाताने काढा, १८०३, १८४८, १८६९, १८९० असे चार, शंभरावा रेखांश प्रत्येकावर ओढा, रेल्वे कुठून जाते आणि राखीव प्रदेश कुठे सरकत जातात ते रंगवा. एक रविवार जाईल.

मूळ कागद वाचायला घाबरू नका, अमेरिकेचं एक बरं आहे, फार मोठा खजिना फुकट नेटवर आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साइटवर जमिनीचे पट्टे नावाने शोधता येतात, लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जुनी वर्तमानपत्रं आहेत. भाषा जुनी असते पण कायदेशीर कागदात तेच तेच शब्द परत येतात, चार-पाच कागदांनंतर डिक्शनरी बाजूला पडते. एकच काउंटी निवडा, शक्यतो रेल्वेमार्गावरची, आणि १८५० ते १९०० तिथे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली तेवढंच शोधा. डिसर्टेशनला विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांचा विषय तिथेच निघतो.

परीक्षेत वेळ कमी असतो तेव्हा दोन हेडिंगचा मोह होणारच. अगदीच सुटत नसेल तर हेडिंग ठेवा, पण प्रत्येक हेडिंगखाली एक तरी गोष्ट अशी निवडा जी दुसऱ्या हेडिंगमध्ये पुन्हा येते, बायसन, कापूस, रेल्वे, डॉज अ‍ॅक्ट, काहीही, आणि ‘याचंच दुसरं अंग’ असं लिहून जोडा. मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांनी विशेषनामं देवनागरीत लिहिली तरी चालतात, फक्त पूर्ण उत्तरात एकच स्पेलिंग ठेवा. आणि होमस्टेडवर प्रश्न आला तर पहिल्याच वाक्यात १८५४ किंवा १८३० चा संदर्भ येऊ द्या, १८६२ दुसऱ्या वाक्यात आलं तरी काही बिघडत नाही.